फुटलेल्या सुपारीवर अभिप्राय

पुणे
९ सप्टेंबर २०२४

प्रिय मही,

दचकलीस ना पत्र बघून? काय करणार, तुला फोन लावला की मागे दाजींचं दुकान, खताची पोती, गिऱ्हाइकांचा कालवा, आणि तू "बरं, ठेवते" म्हणून मोकळी. म्हणून म्हटलं, मी औरंगाबादला वसतिगृहात असताना आपण लिहायचो तसं लिहावं. मावसबहिणींनी एवढं तरी जुनं जपावं.

पार्सलमध्ये माझ्या नव्या कादंबरीच्या सहा प्रती आहेत, 'चुकून झाली सोयरीक'. दोन आवृत्त्या हातोहात गेल्या. इथल्या समीक्षकांनी "हलकीफुलकी प्रेमकथा" म्हणून पाठ थोपटली आणि पुस्तक बाजूला ठेवलं. तिसऱ्या आवृत्तीच्या मागच्या पानावर प्रकाशकांना गावाकडच्या वाचकांचे अभिप्राय हवेत. तू झरीत प्रती वाटायच्या आणि लोक जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहून पाठवायचं. शिव्या आल्या तरी चालतील.

गोष्ट थोडक्यात सांगते. मुलगी बघायला पाहुणे आलेत, बोलणी अजून अर्ध्यातच आहेत. तेवढ्यात विसराळू आजोबा सवयीनं तबकातली सुपारी उचलतात आणि अडकित्त्यात धरून कट्ट! आपल्याकडे बैठकीत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. झाला गोंधळ! मुलगी आतून धावत येते, आजोबांच्या हातातला अडकित्ता हिसकावते आणि ओरडते, "थांबा! मला विचारायचं राहिलंय!" इथे वाचक हसून लोळतो. मग मुलगा आणि मुलगी मिळून ती सोयरीक मोडायला निघतात, आणि मोडता मोडता प्रेमात पडतात.

तुला त्यात काही ओळखीचं दिसलं तर रागावू नकोस, खुदकन हस. आणि तुझं मत मला सगळ्यात आधी हवं.

तुझीच,
राजी


झरी
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय राजी,

पार्सल मिळालं. पोस्टमननं ते दुकानात दिलं, त्यामुळे पहिली प्रत ह्यांच्याच हाती लागली. ह्यांनी जन्मात बियाण्यांच्या पिशवीवरच्या सूचना सोडून दुसरं काही वाचलेलं नाही. पण तुझं पुस्तक काउंटरवर उघडं ठेवून गिऱ्हाईक ताटकळत ठेवत संपवलं. एवढं श्रेय तुला द्यायलाच पाहिजे.

आता अभिप्राय. शेजारच्या कडूबाईंना वाचता येत नाही. सृष्टीनं त्यांना ओसरीवर बसून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लय हासले माय, पोटात दुखायलं. ती पोरगी अडकित्ता हिसकती का न्हाई, तितं तर म्या पदरच कोंबला तोंडात. पर असं कुटं आस्तंय व्हय? आमी असं भाईर येऊन बोललो आस्तो तर बापानं तंगडं मोडून हातात दिलं आस्तं." असं म्हणून पुन्हा हसल्या.

मुंजाजी शिंपी म्हणाले, "पुस्तक झकास हाय. पर पोरगा लयच गरीब सभावाचा दाखिवलाय. असा पोरगा आपल्या जिल्ह्यात कुटं गावला तर मला खबर करा म्हनाव बाईला, मला दोन नाती उजवायच्यात."

माझ्या सृष्टीनं दोनदा वाचलं. यंदा तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष. पुढे एमएस्सीला बाहेरगावी जायचं म्हणते, त्याचा अभ्यास चालू आहे. तिचं मत: "राजीमावशीनं कमाल केलीय. मला वाटायचं, आपल्याकडं अशा गोष्टी घडतच नाहीत. आणि ही तर आपल्याच घरात घडलेली निघाली!"

हे तिला कुणी सांगितलं असेल ते तू ओळखलंच असशील. ह्यांचा अभिप्राय एकच, आणि तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला युरियाच्या पोत्याबरोबर मिळतो: "आरे, हे आमचंच हाय! आमच्याच टायमाला सुपारी फुटली व्हती!" आता मुंजाजी मला हिरोईन म्हणतात. मी दळण घेऊन गिरणीला निघाले की गल्लीतली पोरं मागून ओरडतात, "थांबा, मला विचारायचं राहिलंय!"

माझं मत नंतर. सध्या सोयाबीनची काढणी चालू आहे, बायकांचे डबे करायचेत.

तुझी,
मही


पुणे
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय मही,

अगं, काय सोनं पाठवलंस! प्रकाशकांनी तुझं पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचलं. दाजींचं वाक्य थेट मागच्या पानावर जातंय, जरा भाषा सरळ करून: "ही आमचीच गोष्ट आहे! — झरीचे एक वाचक." दाजींना सांग, आता ते छापील झाले.

आणि "मला विचारायचं राहिलंय" हे वाक्य इतकं गाजलंय की त्याचे बुकमार्क छापलेत. गुलाबी रंग, खाली अडकित्त्याचं चित्र. वीसेक पाठवतेय. गल्लीतल्या त्या कार्ट्यांनाही वाट.

मला तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. पेडगावची तुमची बैठक, तक्क्याला टेकलेले अप्पाआजोबा. बोलण्याकडे त्यांचं लक्षच नाही. समोर तबक दिसलं, उचलली सुपारी, फोडली. पाहुण्यांतला तो ढेरपोट्या काका "फुटली! फुटली!" म्हणत असा उठला की तांब्याच लवंडला. तुझ्या बाबांच्या तोंडात साखर कोंबली, आणि अख्खी बैठक हसत सुटली. मी तर हसून हसून जीव जायची वेळ आली म्हणून जिना चढून माळवदावर पळाले. इतका जिवंत प्रसंग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता गं. लेखकाला असं एखादंच घबाड मिळतं.

पण तुझं मत कुठाय? सगळ्या झरीचं आलं, तुझं सोडून. असं चालणार नाही.

राजी


झरी
१ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

बुकमार्क मिळाले. ह्यांनी ते बियाण्याच्या पिशवीबरोबर फुकट वाटले. माझं मत विचारतेस, पण आज मी मत द्यायला लिहीत नाही. मला तुझ्याकडून एक काम करून हवंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

सृष्टीला स्थळ आलंय. देवगाव फाट्याजवळचे लोक आहेत, आपल्यातलेच. मुलगा शिवकांत, फाट्यावर त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगा बरा आहे, मी नावं ठेवत नाही. पण सृष्टीनं पहिल्या दिवशी साफ सांगितलं होतं, आधी एमएस्सी, मग बाकीचं. हेही जरा नरमले होते. आता आठ-पंधरा दिवसांत तिचा सूर बदललाय. परवा मला म्हणते, "आई, पुस्तकातली पण आधी नाहीच म्हणत होती. तू पण नाहीच म्हणत होतीस ना? आणि किती मस्त झालं तुमचं." आणि हे तिकडून म्हणतात, "पोरीच्या बैठकीत सुपारी मीच फोडनार. घरान्याची रीतच हाय आपली!" आणि बापलेक दोघंही हसतात.

राजी, तू बैठकीत होतीस आणि मी आत होते. आता आतलं ऐक. मी पोह्याच्या पातेल्यापाशी उभी होते. बाहेर बाबा म्हणत होते, "पोरगी शिकायलीय. तिला इचारून सांगतो." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्याबद्दल तितकं चांगलं वाक्य पुन्हा कुणी बोललेलं मला आठवत नाही. मग कट्ट झालं. मग तुमचं हसणं. अप्पांची सुपारी बाबांना परत घेता आली असती, "म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका" म्हणाले असते. पण एवढी माणसं पोट धरून हसत असताना मध्येच "थांबा" कोण म्हणणार? सगळ्यांचा बेरंग कोण करणार? मी त्या हसण्यानं बांधली गेले. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आणि ते बुकमार्कवरचं वाक्य तुझं नाही. तू माळवदावर हसून दमलीस तेव्हा मी तुझ्या मागे आले होते. तुझ्या खांद्यावर रडत तुला म्हटलं होतं, की मला बाहेर जाऊन अप्पांच्या हातातला अडकित्ता हिसकावून घ्यावासा वाटला, आणि म्हणावंसं वाटलं की थांबा, मला विचारायचं राहिलंय. वाटलं फक्त. म्हटलं नाही. ते तू गुलाबी कागदावर छापलंस.

असू दे. माझं जे झालं ते झालं. हे वाईट माणूस नाहीत. मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं हसतात, घरात कशाची ददात पडू देत नाहीत. पण माणूस चांगला निघाला म्हणून विचारायची गरजच नव्हती, असं होतं का? आणि आम्ही दोघांनी मिळून ती सोयरीक मोडायला निघणं, पावसात बस चुकणं, एकमेकांना चिडवणं, यातलं काही म्हणता काही झालेलं नाही. ते सगळं तू रचलंस. सृष्टीला ते खरं वाटतं. त्याच्या भरवशावर ती स्वतःचं शिक्षण सोडायला निघालीय.

तू तिला एक पत्र लिही. फक्त एवढंच लिही, की सुपारी फुटण्यापर्यंतचं खरं, पुढचं सगळं खोटं. मी सांगू शकत नाही. मी काय सांगू? तुझा बाप मला नको होता, असं? पोरगी उलटून विचारेल, मग मी कोण? तू सांगितलंस तर ती लेखिकेची गोष्ट होईल. मी सांगितलं तर तिच्या आईची होईल.

लवकर लिही. पाहुणे संक्रांतीनंतर बैठकीला यायचे म्हणताहेत.

मही


पुणे
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मही,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू? तू फारच मनाला लावून घेतलंस. अगं, कादंबरी आहे ती! विनोदी प्रेमकथेत शेवट गोड करावाच लागतो, वाचक तसे पैसे मोजतात. आणि तू म्हणतेस माळवदावर रडलीस. असेल. मला तर तू पदर तोंडात धरून उभी असलेलीच आठवतेस. तू हसतेयस असंच मला वाटलं होतं.

आणि दाजींचं काय वाईट आहे? मी इथे दोन खोल्यांत एकटी राहते. आजारी पडले तर औषध आणून द्यायला कुणी नाही. तुझ्याकडे भरलं घर आहे. कधी कधी मलाच वाटतं, त्या दिवशी नशिबानं माप तुझ्या पदरात टाकलं.

तरी तुझं ऐकलं. सृष्टीला पत्र लिहिलंय. आता लेखिकेनं स्वतःच्याच पुस्तकाला खोटं म्हणायचं म्हणजे अवघड असतं, आणि सध्या त्यावर वेब सिरीजचीही बोलणी चालू आहेत. म्हणून मी सूचकपणे लिहिलं: "घाबरू नकोस. ही धाकधूक तुझ्या आईलाही झाली होती. पुढे काय झालं, ते तू तुझ्या घरात रोज बघतेसच." पोरगी हुशार आहे, नेमकं काय ते ओळखेल. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

बैठकीला मला यायला जमलं नाही तर व्हिडिओ मात्र पाठवा हं.

तुझीच,
राजी


झरी
३ जानेवारी २०२५

प्रिय राजीमावशी,

तुमचं पत्र वाचून इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. खरं म्हणजे मी लय घाबरले होते. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला बसू की नको, काहीच सुचत नव्हतं. तुमचं वाक्य मी दहा वेळा वाचलं. "पुढे काय झालं, ते तू तुझ्या घरात रोज बघतेसच." मी मान वर केली तर समोर बाबा आईला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होते आणि काहीतरी सांगून स्वतःच हसत होते. म्हटलं, एवढं तर मलाही चालेल.

परीक्षेचा अर्ज नाही भरला. बाबा म्हणतात, त्या घरचे लोक पुढे शिकवतील. शिवकांतला मी अजून नीट बघितलंही नाही, पण तुमच्या नायिकेनं तरी कुठं बघितलं होतं? आधी सुपारी, मग प्रेम.

आईला विचारलं, "तुला पण अशीच भीती वाटली होती का गं?" ती म्हणाली, "भाकरी करपायलीय." आणि तव्याकडं वळली. आईचं असंच असतं, तुम्हाला माहीतच आहे.

माझा अभिप्राय छापायचा असेल तर नाव टाकलं तरी चालेल: या पुस्तकानं माझी भीती घालवली.

तुमची,
सृष्टी


पुणे
११ फेब्रुवारी २०२५

मही, मही, मही!

दाजींनी व्हिडिओ पाठवला. मी सतरा वेळा बघितला असेल! तबक समोर, दाजी अडकित्ता असा ऐटीत वर धरतात, पाहुणे आधीच हसायला लागलेत, आणि तू आतून तरातरा येतेस, त्यांच्या हातातला अडकित्ता हिसकावतेस आणि म्हणतेस, "थांबा. तिला विचारायचं राहिलंय." जणू माझं पान जिवंत झालं! "मला"च्या जागी "तिला" घातलंस, तेही काय सुरेख. चेहरा तर इतका कडक ठेवलास, की क्षणभर मलाही खरं वाटलं. तुझ्यात एवढं नाटक होतं हे मला माहीतच नव्हतं.

म्हणजे राग गेला तर. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आजवरच्या सगळ्या अभिप्रायांत हा सर्वांत मोठा. प्रकाशक विचारताहेत, व्हिडिओ कादंबरीच्या पानावर टाकू का? तुमचं काही म्हणणं नसेलच. सृष्टीला आशीर्वाद, मोठ्यांना शरणार्थ.

तुझीच,
राजी


झरी
९ मार्च २०२५

राजेश्री,

तो व्हिडिओ कुठंही टाकायचा नाही. हे आधी वाच, मग बाकीचं.

मी नाटक करत नव्हते. बैठकीतून बोलावणं आलं तेव्हा सृष्टीनं मला कानात विचारलं, "आई, आता हसायचं असतं ना?" तेवढं ऐकलं आणि माझे पाय आपोआप बाहेर गेले. जे मी पेडगावच्या चुलीपाशी उभं राहून गिळलं होतं, ते पोरीसाठी म्हणायचं ठरवलं. सोपं नव्हतं. पुरुषांच्या बैठकीत मी पहिल्यांदाच उभी राहिले होते.

मी म्हटलं. आणि सगळे हसले.

तुझं पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं. पाहुण्यांच्या घरी पण ह्यांनीच प्रत पाठवली होती. हे टाळ्या वाजवून ओरडले, "बगा, बगा! आक्षी पुस्तकावानीच!" मी पुन्हा म्हटलं, "मी खरं बोलायलीय." तर आणखी मोठ्यानं हसले. मुंजाजींनी डोळे पुसले. अडकित्ता माझ्या हातात होता, म्हणून पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं पानाच्या चंचीतून स्वतःचा काढून ह्यांना दिला. कट्ट. माझ्या हातात अडकित्ता असताना सुपारी फुटली.

जन्मात एकदा म्हणता येईल असं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. मी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तू ते आधीच हसण्यावारी खर्च करून टाकलंस. मी तुझ्याकडे एक पत्र मागितलं, तर तू माझ्या पोरीला माझंच घर पुरावा म्हणून दाखवलंस. तुला राग गेला असं वाटलं? राग आता कुठं आलाय.

तू सतरा वेळा व्हिडिओ बघितलास म्हणतेस. अठराव्यांदा लाव. उजव्या कोपऱ्यात आतलं दार दिसतं. त्या दारात सृष्टी उभी आहे. सगळ्या घरात ती एकटी हसत नाही.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. ती म्हणाली, "आई, तू खरंच म्हणत होतीस?" मी हो म्हटलं. बराच वेळ ती तेच ताट घासत राहिली. मग म्हणाली, "मग विचार की." मी विचारलं. तिनं राखेच्या हातांनीच डोळे पुसले आणि म्हणाली, "मला शिकायचंय. मला वाटलं, प्रेम मागून होतंच, तुमच्यासारखं."

दोन दिवसांनी, पाहुण्यांनी सृष्टीच्या ओटीत घातलेला नारळ आणि साडी पिशवीत घालून आम्ही दोघी एसटीनं देवगाव फाट्याला गेलो. हे आले नाहीत. शिवकांतच्या आईनं, मल्लम्मांनी, दारातच ऐकून घेतलं. म्हणाल्या, "फुटलेली सुपारी कुनी जोडून आनलीय का आजवर? पोरीला इचारायचं ऱ्हायलं म्हंजी काय? आमाला कोन इचारलं व्हतं?" त्या चिडून बोलायला गेल्या, पण शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाजच बसला. नारळ घेतला. साडी परत माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. शिवकांतनं आम्हाला पाणी आणून दिलं. त्याच्याकडे मला बघवलं नाही. त्याची काही चूक नव्हती, आणि त्यालाही कुणी काही विचारलेलं नव्हतं.

सोयरीक मोडली. सृष्टीचं हे वर्ष मात्र गेलं, प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत केव्हाच संपली. आता पुढच्या वर्षी.

हे माझ्याशी बोलत नाहीत. आम्ही परत आलो त्या संध्याकाळी तेवढं एकदाच बोलले. मी सगळं सांगितलं होतं, पेडगावच्या बैठकीपासून. ते खाटेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी इतकी सालं मी एकटाच हासायलो व्हतो?" दुसऱ्या दिवशी काउंटरवरचं पुस्तक त्यांनी आत पोत्यांच्या मागे टाकलं. त्यांचं दुःख खोटं नाही. जन्मात त्यांनी एकच पुस्तक वाचलं, आणि ज्या पानावर ते सुखी झाले ते पान तू रचलेलं निघालं. मी त्यांना रोज वाढते, ते खाली मान घालून जेवतात. शेंगा सोलायला बसत नाहीत. मला त्यांची दया येते आणि स्वतःचा रागही येतो, आणि दोन्ही घेऊन मी त्याच घरात राहते.

तुझ्या चौथ्या आवृत्तीसाठी झरीचे अभिप्राय देते. कडूबाई म्हणतात, "त्या पुस्तकापायी घर मोडायलंय बगा." मुंजाजी म्हणतात, "पुस्तक वाचून बाई बिघडली." वाचनालयातून प्रत काढून टाकली, बायकांनी वाचण्याजोगं नाही म्हणून. म्हणजे बघ, बोलले मी आणि नाव तुझ्या पुस्तकाचं झालं. आता मी जे म्हणेन ते तुझ्याच पुस्तकातलं ठरणार.

तू मला विचारत होतीस ना, तुझं मत काय? हे घे. तुझं पुस्तक हसवतं. मीही दोन ठिकाणी हसले, बस चुकते तिथे आणि आजोबा पुन्हा सुपारी शोधतात तिथे. तुला लिहिता येतं यात वाद नाही. पण तू बैठकीत बसून लिहिलंस. आत कोण उभं होतं हे तुला ठाऊक होतं. तूच तेवढी आत-बाहेर करत होतीस, दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणावर माझा राग नाही.

हे वाचताना तुझा हात पेनाकडे जाईल, हे मला माहीत आहे. मल्लम्मांचा बसलेला आवाज, राखेचे हात, ह्यांचं ते एक वाक्य, सगळं तुला चांगलं वाटेल. घे. तू घेशीलच. एक गोष्ट मात्र तुला मिळणार नाही.

देवगाव फाट्यावरून परत येताना एसटीत सृष्टी खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होती. सेलूचा स्टँड मागे पडल्यावर माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "आई, तुला तेव्हा विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

मी तिला खरं उत्तर दिलं. तिनं माझा हात धरला आणि झरी येईपर्यंत सोडला नाही. ते उत्तर तिच्याजवळ आहे. तुला मी ते सांगणार नाही.

झरीची एक वाचक,
महेश्वरी